माल एक नंबर, तरी परदेशातली ऑर्डर टिकत का नाही? (वाचकांचे प्रश्न)

या महिन्यात आलेली निम्म्याहून जास्त पत्रं निर्यातीवरचीच आहेत, शिरोली, गोकुळ शिरगाव, इचलकरंजी, सगळीकडनं. म्हणून या अंकात हाच एक विषय घेतलाय, बाकीच्यांची उत्तरं पुढच्या अंकात देतो. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, कास्टिंग शेजारच्या फौंड्रीतनं घेतो. जर्मनीतल्या एका पंपवाल्या कंपनीचं सॅम्पल पहिल्या झटक्यात पास झालं, त्यांनी कौतुक पण केलं. तीन लॉट गेल्यावर मात्र ऑर्डर होल्डवर टाकली. म्हणतात शंभरात दोन पीस बोअरला (आतल्या भोकाच्या मापाला) बाहेर आहेत आणि काही पेट्यांत गंज आहे. दोन टक्के असतील हो, पण पुण्याची पार्टी एवढं चालवून घेते, डेबिट नोट टाकते, म्हणजे बिलातनं पैसे कापते, आणि विषय संपतो. आमच्याकडं आयएसओ ९००१ पण आहे. मग यांचंच एवढं नाटक का?

उत्तर : दादा, नाटक नाही, हिशोब आहे, आणि तो एकदा त्यांच्या बाजूनं मांडून बघा. पुण्याला माल सकाळी निघाला की दुपारी पोचतो, बोअर बाहेर निघालं तर संध्याकाळी फोन येतो, तुम्ही रात्री दोन पोरं आणि प्लग गेज गाडीत घालून निघता, त्यांच्याच स्टोअरमध्ये सॉर्टिंग करून देता आणि सकाळी त्यांची लाईन चालू असते. जर्मनीचा माल न्हावाशेवातनं बोटीवर चढला की महिनाभर पाण्यात. त्यात २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि बऱ्याच बोटी आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या, तो वेळ आणखी वेगळा. म्हणजे पहिल्या लॉटमधला दोष त्यांच्या हाताला लागतो तेव्हा दुसरा लॉट समुद्रात असतो आणि तिसरा तुमच्या पॅकिंग टेबलवर, आणि तिन्हींत तोच दोष असतो कारण तोवर तुम्हाला कुणी काही बोललेलंच नसतं. इथं एका लॉटचं नुकसान झालं असतं, तिथं तीन लॉटचं होतं. वर तिथल्या माणसाकडनं सॉर्टिंग करून घ्यायचं म्हणजे युरोत तासाचा दर, आणि त्यांची लाईन थांबायला लागली तर बदली माल विमानानं, त्याचं भाडं तुमच्या अख्ख्या लॉटच्या मार्जिनला पुरून उरतं.

दोन टक्के म्हणजे दहा लाखात २०,००० पीस. मोटारगाड्यांचे पार्ट घेणारे मोठे ग्राहक दहा लाखात दोन आकडी पीसची भाषा बोलतात. पंपवाला तेवढा कडक नसेल, पण २०,००० हा आकडा कुठल्याच परदेशी खरेदीवाल्याला वरच्या साहेबांपुढं मांडता येत नाही. आणि आयएसओ ९००१ म्हणजे तुमच्याकडं काम करायची पद्धत लिहिलेली आहे आणि ती पाळली जाते, एवढंच. पीस बरोबर येतील असं ते सर्टिफिकेट कुठंच म्हणत नाही.

आता बोअरचं बघू, कारण माझ्या मते खरं दुखणं तिथंच आहे. तुमचं सॅम्पल पास झालं म्हणजे मशीन, प्रोग्रॅम, माणूस, सगळं चांगलं काम करू शकतं. प्रश्न आहे तो रोज तसंच करण्याचा. बोअरिंगचा इन्सर्ट, म्हणजे कापणारं टोक, झिजत जातो तसं बोअर मायक्रॉन-मायक्रॉननं लहान होत जातं, ऑपरेटर चहाच्या वेळेला बोअर गेज घालून बघतो, लहान दिसलं की ऑफसेट (मशीनला मापाची दुरुस्ती) देतो, अंदाजानं थोडा जास्तच देतो, की पुढचे पाच-सहा पीस मोठे. त्यात एखाद्या हीटचं (फौंड्रीतल्या एका वितळणीचं) कास्टिंग कडक आलं तर इन्सर्ट आणखी लवकर जातो. सकाळी मशीन थंड असताना काढलेले पहिले पीस ही वेगळीच भानगड. म्हणजे हे दोन टक्के लॉटभर विखुरलेले नसतात, ठरावीक वेळेला आणि ठरावीक कारणानं येतात, फक्त आपण लिहून ठेवत नाही म्हणून दिसत नाहीत. अमेरिकेत बेल कंपनीत काम करणाऱ्या वॉल्टर शेवार्टनं १९२४ साली याच दुखण्यावर कंट्रोल चार्ट, म्हणजे मापं वेळेनुसार मांडून ती कुठं घसरतायत ते दाखवणारा तक्ता, काढला, आज त्याला शंभर वर्षं होऊन गेली आणि तरी आपल्याकडं तो ऑडिटच्या आदल्या रात्री एका पेनानं भरला जातो. दर पाचव्या पीसचं माप मशीनशेजारच्या कागदावर, बरोबर वेळ आणि हीट नंबर, एवढं पंधरा दिवस मनापासून करा. इन्सर्ट किती पिसांनंतर बदलायचा आणि ऑफसेट किती द्यायचा याचं उत्तर त्या कागदावरच दिसेल, कुठल्या कन्सल्टंटची गरज नाही.

गंजाचं कारण बहुतेक पॅकिंगमध्ये आहे. उघड्या हातानं पीस उचलला की घामाचे डाग पडतात आणि महिन्याभरानं तिथंच बोटांचे लाल ठसे उमटतात. कूलंट पातळ झालंय का, धुतल्यावर पीस पूर्ण वाळतो का, व्हीसीआय (गंज रोखणाऱ्या) पिशवीचं तोंड नीट बंद होतं का, हे बघा. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, लाकडी पॅलेटवर हीट ट्रीटमेंटचा शिक्का आहे म्हणजे लाकूड वाळलेलं आहे असं नाही. तो शिक्का किड्यांसाठी आहे, लाकडाचा गाभा ५६ अंशावर ३० मिनिटं ठेवला एवढंच तो सांगतो, ओलावा आतच राहिलेला असू शकतो. जुलैतल्या आपल्या पावसात ओलं पॅलेट कंटेनरमध्ये गेलं की रात्री आत दव धरतं आणि तुमच्या मालावर टपकतं. पॅलेटचा ओलावा मोजायचं मीटर काही महाग नाही, घेऊन ठेवा.

होल्ड उठवायचा असेल तर ते एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय आठ पायऱ्यांत मांडणारा अहवाल, मागतील. त्यात "ऑपरेटरला समज दिली, पुन्हा होणार नाही" हे वाक्य कृपा करून लिहू नका. हे वाचलं की समोरच्याला कळतं की यांना कारण सापडलेलंच नाही. इन्सर्टची गोष्ट आकड्यांसकट लिहा, पुढचे काही लॉट शंभर टक्के तपासून पाठवा आणि तपासणीचे आकडे मालाच्या आधी मेलनं पाठवा. असं केलेल्या शॉपना परत काम मिळतं.

प्रश्न : इचलकरंजीत आमचे लूम आहेत, मी इंजिनिअरिंग करून वडिलांच्या हाताखाली आलेय. मी म्हणते आधी घर लावू, रेकॉर्ड ठेवू, मशीनची देखभाल बसवू आणि मग एक्सपोर्टकडं जाऊ. पप्पा म्हणतात, "ऑर्डर आली की सगळं आपोआप सुधारतंय, आधी करून कोण बघणार?" कोण बरोबर?

उत्तर : ताई, हा वाद तुमच्या घरापुरता नाही, अर्थशास्त्रातली मंडळी यावर गेली तीस वर्षं भांडतायत, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

तुमच्या बाजूनं पुरावा भक्कम आहे. अमेरिकेतले कारखाने तपासले तेव्हा दिसलं की निर्यात करणारे कारखाने निर्यात सुरू करायच्या आधीपासूनच इतरांपेक्षा पुढं होते. चीन आणि अमेरिकेतल्या कंपन्यांच्या अभ्यासात पण तेच निघालं, ज्यांचं रोजचं व्यवस्थापन चांगलं ते जास्त देशांत विकतात, जास्त प्रकारचा माल विकतात. आणि सगळ्यात जवळचा अभ्यास तर आपल्या मुंबईच्या आसपासच्या कापड कारखान्यांचा आहे, निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०१३ साली प्रसिद्ध झालेला. १७ फर्मच्या २८ प्लांटवर तो झाला, त्यातल्या काहींना फुकट कन्सल्टंट दिले. काय केलं त्यांनी? सुताच्या गोदामात काय कुठं आहे ते लिहिलं, मशीन बंद पडायच्या आधी देखभाल सुरू केली, कापडातले दोष रोज मोजून त्यावर रोज सकाळी बोलायला लावलं. पहिल्याच वर्षात उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली. नवीन मशीन नाही, नवीन माणूस नाही. हे सगळं आधी का केलं नव्हतं असं मालकांना विचारलं तर बऱ्याच जणांना ते माहीतच नव्हतं, किंवा आपल्याकडं याचा काय फायदा असं वाटत होतं.

त्याच अभ्यासात एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या पप्पांना मुद्दाम वाचून दाखवा. फर्म केवढी मोठी होणार हे व्यवस्थापन किती चांगलं आहे यापेक्षा जास्त मालकाच्या घरात पुरुष माणसं किती आहेत यावर ठरत होतं, कारण बाहेरच्या मॅनेजरवर विश्वास नाही, प्रत्येक शेडवर घरचाच भाऊ नाहीतर मुलगा पाहिजे. शिकलेली मुलगी शेडवर उभी राहायला तयार आहे आणि तिच्या हातात वही आहे, याची किंमत तुमच्या घरानं ओळखावी असं मला मनापासून वाटतं.

आता पप्पांची बाजू, कारण ते पण उगाच बोलत नाहीत. इजिप्तमध्ये नाईलच्या मुखाकडं फुवा नावाचं गाव आहे, तिथं गालिचे विणणारे छोटे कारखाने आहेत. संशोधकांनी परदेशी ऑर्डरी मिळवल्या आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखं करून काही कारखान्यांना देऊ केल्या, काहींना नाही. ऑर्डरवाल्यांचा नफा १६ ते २६ टक्क्यांनी वाढला आणि दर्जा पण वाढला. हा दर्जा फक्त महाग सुतामुळं आला का हे बघायला शेवटी दोन्ही गटांना एकच सूत, एकच डिझाईन देऊन गालिचा विणायला लावला, तरी निर्यात केलेल्यांचा हात वरचढ निघाला. म्हणजे कडक गिऱ्हाईक खरंच शिकवतं.

मग माझं मत? क्रम तुमचा, पण फार ताणू नका. फुव्याच्या लोकांना ऑर्डरी थोड्या-थोड्या आल्या आणि प्रत्येक गालिच्यामागं काय चुकलं ते सांगणारा माणूस जवळ होता. तुम्हाला पहिलाच कंटेनर सहा हजार किलोमीटरवर पाठवून शिकायचं असेल तर ती फी परवडणार नाही. तेव्हा आधी बिनपैशाची कामं करा. कापड फोर पॉईंट पद्धतीनं (दोष जेवढा मोठा तेवढे जास्त, एक ते चार पॉईंट) तपासायला लागा, बरेच खरेदीदार १०० चौरस यार्डाला ४० पॉईंटपर्यंत माल घेतात, तुमचा किती येतो ते आज कुणालाच माहीत नसणार. कुठल्या लूमवर किती दोष ते लिहा, म्हणजे दहातले दोन-तीनच लूम सगळं बिघडवतायत हे दिसेल. तीन-चार महिने हे झालं की लगेच छोटी ऑर्डर शोधायला लागा.

पप्पांना अजून एक सांगा. ज्या टोयोटाचं नाव सगळे घेतात तिचं मूळ लूममध्येच आहे. साकिची टोयोडानं १९२४ साली धागा तुटला की आपोआप थांबणारा लूम बनवला, आणि १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं त्याचे हक्क विकत घेतले. ज्या इंग्लंडकडनं जग लूम विकत घ्यायचं त्या इंग्लंडनं. चूक झाली की तिथंच थांबायचं, पुढं ढकलायची नाही, हे टोयोटानं नंतर मोटारीच्या कारखान्यात नेलं.

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठात एमबीए करतोय. ऑपरेशन्स चांगलं असेल तर कंपनी परदेशात पण चालते असं शिकवतात, मग वॉलमार्ट जर्मनीत का आपटली?

उत्तर : चांगला प्रश्न आहे भावा. वॉलमार्ट १९९७ मध्ये जर्मनीत शिरली, दोन साखळ्या मिळून जवळजवळ ९५ दुकानं विकत घेतली आणि २००६ मध्ये उरलेली ८५ मेट्रो या जर्मन कंपनीला देऊन निघून गेली. मालपुरवठ्याच्या कामात तेव्हा जगात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. पण ती ताकद अमेरिकेत कशामुळं होती? एकेका गोदामाभोवती दाट दुकानं, अवाढव्य खरेदी, त्यातनं येणारा स्वस्त भाव. जर्मनीत दुकानं मोजकी आणि विखुरलेली, समोर आल्डी आणि लिडल, जे आधीच त्यांच्यापेक्षा स्वस्तात विकायला पटाईत. भाव पाडायला गेले तर २००० साली तिथल्या स्पर्धा नियामकानं खरेदीभावाच्या खाली विकू नका म्हणून आदेश काढला. वर दारात हसून स्वागत करणारी, पिशव्या भरून देणारी माणसं ठेवली ती जर्मन गिऱ्हाइकाला नकोशी वाटली, आणि सुरुवातीचा प्रमुख अमेरिकेतनं आलेला, त्याला जर्मन येत नव्हतं.

टार्गेट या अमेरिकन दुकानसाखळीचं कॅनडात झालं ते वेगळं, आणि मला ते जास्त शिकवणारं वाटतं. २०१३ मध्ये एका वर्षात सव्वाशेच्या आसपास दुकानं उघडली आणि २०१५ च्या जानेवारीत सगळा गाशा गुंडाळायचं जाहीर केलं. तिथं गिऱ्हाईक यायला उत्सुक होतं, रॅक रिकामे होते. नवीन सॉफ्टवेअरमध्ये घाईघाईनं भरलेली मालाची माहिती चुकीची, मापं इंचात की सेंटीमीटरमध्ये यात घोळ, त्यामुळं गोदाम भरून वाहतंय आणि दुकानात माल नाही. म्हणजे घरी उत्तम चालणारी कंपनी बाहेर जाऊन कामकाजातच नापास झाली.

हार्वर्डचे प्राध्यापक मायकल पोर्टर १९९६ पासून सांगतायत की काम इतरांपेक्षा चांगलं करणं एवढ्यानं भागत नाही, कुठं आणि कुणासाठी वेगळं काय करायचं हे ठरवावं लागतं. उलट बाजूचं उदाहरण पाहिजे असेल तर बजाजची बॉक्सर बघ. आपल्याकडं तिची फारशी चर्चा नाही, पण आफ्रिकेत नायजेरियासारख्या देशात मोटरसायकल टॅक्सीवाल्यांनी ती उचलून धरली, कारण खराब रस्ता, ओझं आणि गावातल्या मेकॅनिकला जमेल अशी दुरुस्ती हे सगळं तिला झेपतं. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असशील तर हा घे, वॉलमार्टवर सगळेच लिहितात.

प्रश्न : आमचं घराणं कोल्हापुरी चप्पल बनवतं. २०२५ मध्ये प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये आपल्यासारखी चप्पल दाखवल्यापासून बाहेरनं चौकशा वाढल्यात. हातानं बनवलेल्या मालाला हे क्वालिटी सिस्टीम वगैरे लागतं का?

उत्तर : लागतं, आणि हाताचं सौंदर्य न बिघडवता जमतं. शिलाईत, वेणीत थोडा फरक असला तर तो हातकामाचा गुण म्हणून चालतो. पण डाव्या-उजव्या पायाच्या लांबीत फरक, ४१ नंबरच्या दहा जोड्यांत तीन वेगळ्या लांब्या, हे कुणी गुण म्हणून घेत नाही, थेट परत येतं. लाकडी किंवा प्लास्टिकचे साचे नंबरवार करून घ्या आणि घरातल्या सगळ्या कारागिरांनी तेच वापरायचे.

युरोपात पाठवणार असाल तर दोन गोष्टी आधी बघा. कातड्याच्या ज्या वस्तू अंगाला लागतात त्यांत क्रोमियम सहा (क्रोमियमचं घातक रूप) एका किलोला ३ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, हा नियम २०१५ पासून आहे. आपलं झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं यात मुळात सुरक्षित आहे, घोळ होतो तो बाजारातनं आणलेल्या अस्तराच्या किंवा पट्ट्याच्या स्वस्त कातड्यात. दुसरं म्हणजे बुरशी लागू नये म्हणून खोक्यात टाकायच्या पुड्या. डायमिथाईल फ्युमरेट असलेल्या पुड्यांवर युरोपात २००९ पासून बंदी आहे. विकणाऱ्याकडनं पुडीत काय आहे ते लिहून घ्या, साधी सिलिका जेल असेल तर प्रश्न नाही. आणि कोल्हापुरी चपलेला २०१९ ला मिळालेल्या जीआय (भौगोलिक ओळख) मानांकनाचे अधिकृत वापरकर्ते म्हणून नोंद झाली नसेल तर ती करून घ्या, चौकशी करणारा ते विचारतोच.

प्रश्न : गोकुळ शिरगावला सुपरवायझर आहे. आमच्याकडं कायझेनचे (रोज थोडी-थोडी सुधारणा) बोर्ड, फाइव्ह-एसचे (जागच्या जागी, नीटनेटकं ठेवायची पद्धत) पट्टे सगळं आहे, पण परदेशी ऑडिटर येणार असला की रंगरंगोटी, गेला की जैसे थे. कामगारच ऐकत नाहीत असं मॅनेजमेंटचं म्हणणं.

उत्तर : कामगारांना दोष देण्याआधी तुमच्या मॅनेजमेंटनं कॅलिफोर्नियातल्या फ्रिमाँटची गोष्ट वाचावी. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना गैरहजेरी, भांडणं आणि खराब गाड्यांसाठी बदनाम होता, १९८२ ला बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच परत उघडला, कामावर घेतलेले बहुतेक त्याच युनियनचे, तेच जुने कामगार, आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांचा दर्जा जपानच्या बरोबरीनं बोलला जाऊ लागला. काय बदललं? चूक दिसली तर दोरी ओढून लाईन थांबवायचा हक्क साध्या कामगाराला मिळाला, आणि दोरी ओढल्यावर टीम लीडर ओरडायला नाही, मदतीला धावायचा. आणि हे सगळं डोळ्यांनी बघून सुद्धा जनरल मोटर्सला आपल्या बाकीच्या कारखान्यांत ते पसरवायला कितीतरी वर्षं लागली, कारण दोरी बसवणं सोपं होतं, साहेबांचं वागणं बदलणं अवघड.

तुमच्या हातात काय आहे ते सांगतो. तुमच्या शिफ्टला कुणी "साहेब, हा पीस बरोबर वाटत नाही" म्हणून आला तर पहिल्यांदा त्याचे आभार माना, आणि दुसऱ्या दिवशी त्याला सांगा की त्याचं काय झालं. पिवळे पट्टे मारण्यापेक्षा यानं जास्त फरक पडतो.

प्रश्न : आमचा गूळ व्यवहार आहे. दुबईला थोडा जातो, अमेरिका-युरोपला पाठवायचाय. पिवळाधमक गूळ चालेल ना?

उत्तर : इथल्या सौद्यात पिवळाधमक गूळ भाव खातो, तिथं तोच अडकू शकतो. रंगासाठी हायड्रॉस (रंग उजळवायची गंधकयुक्त पावडर) टाकलं की गंधक मागं राहतं, आणि अमेरिका असो की युरोप, सल्फाईट दहा लाखात १० भागांच्या वर गेलं की लेबलवर लिहावं लागतं. सेंद्रिय, नैसर्गिक म्हणून विकायचं आणि लेबलवर सल्फाईट, हे गिऱ्हाइकाला पटत नाही. भेंडीच्या रसानं मळी काढलेला तपकिरी गूळ पाठवा, ज्या गुऱ्हाळाचा असेल त्याचं नाव आणि तारीख प्रत्येक पेटीवर टाका, आणि प्रत्येक लॉटचा लॅब रिपोर्ट माल निघायच्या आधी हातात घ्या. पैसे बुडायची धाकधूक असेल तर ईसीजीसीचा निर्यात विमा उतरवा, ही सरकारी कंपनी १९५७ पासून हेच काम करते, पहिल्या कंटेनरच्या आधीच त्यांच्याकडं जाऊन खरेदीदाराची पत तपासून घ्या.